धुक्याच्या दिव्यांचं वायरिंग स्वतः करताना

डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीची अखेर, एवढ्या दिवसांत ग्वाल्हेरहून पहाटे गाडी काढायची म्हणजे धुकं गृहीत धरूनच निघायचं. मी मालनपूरला नोकरी करतो. सकाळची पाळी असली की साडेपाचला भिंड रस्त्याला लागतो. शहरातल्या लष्कर भागाच्या गल्ल्यांत निदान खांबांचे, चहाच्या टपऱ्यांचे दिवे असतात. गोला का मंदिर मागे पडलं की पुढचा ट्रक दिसायच्या आधी त्याच्या डिझेलचा वास येतो.

आपल्याकडे बऱ्याच घरांत गाडी मेळ्यातून येते. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा ग्वाल्हेरचा व्यापार मेळा ऐन धुक्याच्या दिवसांत भरतो, आणि रोड टॅक्समध्ये सूट जाहीर झाली की लोक तिथूनच गाडी घेतात. चार पैसे वाचावेत म्हणून बेस मॉडेल घेतलं जातं. बेस मॉडेलच्या बंपरवर फॉग लाइटच्या जागी काळं प्लास्टिकचं झाकण असतं. मग पहिल्या हिवाळ्यात कोणीतरी अर्ध्या तासात दिवे लावून देतो. दिवे पेटतात, आपण खूश होतो, आणि आत काय जोडलंय ते कोणी बघत नाही.

माझ्या गाडीचंही तसंच झालं होतं. आग्र्याहून परतत होतो, आई आणि बायको बरोबर. चंबळचा पूल ओलांडून मुरैन्याच्या बाजूला आलो आणि डॅशबोर्डमधून प्लास्टिक तापल्याचा वास यायला लागला. फॉग लाइटच्या स्विचला हात लावला तर चटका बसला. स्विच बंद करायच्या आतच दिवे गेले, आणि फॉगबरोबर डावा हेडलाइटही गेला. मागून ट्रक येत होते. गाडी कडेला घेऊन, चारही इंडिकेटर लावून, आईला रस्त्यापासून लांब उभं केलं. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. घरी येऊन बंपर उघडला तेव्हा कारण दिसलं. दोन्ही दिव्यांचा करंट हेडलाइटच्या बारीक वायरीतून चोरून घेतलेला, तो सगळा डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून फिरवलेला, रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, वेगळा फ्यूज नाही. जोड नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेले. स्विचच्या कपलरचं, म्हणजे वायरी जोडायच्या खोबणीचं, पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटलं होतं.

त्यानंतर मी सगळं वायरिंग काढून नव्याने केलं, आणि पुढे भाच्याच्या, शेजाऱ्यांच्या मिळून चार-पाच गाड्यांचं केलं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याला जमण्यासारखं आहे. घाई मात्र चालत नाही. रविवारचा अख्खा दिवस हाताशी ठेवा.

आधी गाडी बघा, मग बाजारात जा

बंपरच्या मागे हात घालून किंवा खाली वाकून मोबाइलच्या उजेडात बघा. काही गाड्यांत बेस मॉडेललाही कंपनीचं फॉगचं वायरिंग आलेलं असतं, कपलर टेपने बांधून मागे ठेवलेला असतो. तसं असेल तर तुमचं काम चार आण्यांचं झालं. दिवे, स्विच आणि कदाचित एक रिले बसवायचा, बस.

गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून त्यांचंच किट बसवून घ्या, नाहीतर उद्या दुसऱ्याच कुठल्या बिघाडासाठी तुमच्या वायरिंगकडे बोट दाखवलं जाईल. ज्या नव्या गाड्यांत प्रत्येक दिवा बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) सांभाळतं, त्या गाडीवर हे काम शिकू नका. तिथे चुकीच्या वायरीला हात लागला तर महागाचं मॉड्यूल जाऊ शकतं. आठ-दहा वर्षं जुनी, साधी हॅचबॅक शिकायला उत्तम.

आणखी एक गोष्ट, तिच्यात तडजोड नाही. पिवळी स्लीव्ह किंवा पिवळा कपलर असलेल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, मल्टीमीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर नाहीच. त्या स्टीअरिंगखाली, डॅशबोर्डमागे दिसतात, आणि काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर पुढच्या बाजूलाही असतो.

दिवा खाली का बसवतात

वायरिंगच्या आधी हे समजलं तर सामान घेताना फसवणूक होत नाही. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. हेडलाइटचा हाय बीम त्यांच्यावर पडला की उजेड परत तुमच्याच डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लाइट बंपरमध्ये खाली असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो आणि वरची कड कापल्यासारखी स्पष्ट असते. तुमच्या नजरेच्या रेषेत त्याचा उजेड येतच नाही, तो खालून रस्त्यावर आणि कडेच्या पट्टीवर पडतो. धुक्यात आपल्याला गाडी चालवायला हवी असते ती हीच पट्टी.

म्हणून जास्त वॉटच्या मागे लागू नका. दुकानात ५५ वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब पुढे केला जातो. त्याच होल्डरमध्ये, त्याच प्लास्टिकच्या घरात दुप्पट उष्णता कोंडते, रिफ्लेक्टर काळा पडतो, काच तडकते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालणंही मला पटत नाही. रिफ्लेक्टर बनवताना तारेची जागा मिलिमीटरपर्यंत मोजून धरलेली असते. एलईडीची चकती त्या जागी बसत नाही, झोताची कड फुटते आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. एलईडी हवाच असेल तर अख्खा दिवा एलईडीसाठी बनवलेला घ्या.

पिवळा की पांढरा, यावर आमच्याकडे मेळ्यात तासभर वाद चालतात. दोन्ही चालतात. मला पिवळा डोळ्यांना सुखाचा वाटतो, एवढंच.

करंटचा हिशोब

५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. दोन बल्बचे नऊ. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४च्या आसपास असतं, तेव्हा हा आकडा दहाच्या जवळ जातो. एवढा करंट डॅशबोर्डपर्यंत नेऊन परत बंपरपर्यंत आणणं यातच सगळी चूक आहे. वायर लांब होते, स्विचची बारीक पाती तापतात, आणि वाटेत व्होल्टेज गळतं.

व्होल्टेज गळण्याचा परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. ०.७५ एमएमची (म्हणजे तारेचा काटछेद ०.७५ चौरस मिलिमीटर) वायर पाच मीटर फिरवली तर नऊ अँपिअरला एकट्या वायरीत एक व्होल्टच्या वर जातो, जोडांचं आणखी वेगळं. माझ्या जुन्या वायरिंगमध्ये बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बवर ११.८. नवे दिवे असून मंद का वाटत होते ते तेव्हा कळलं.

यावर उपाय रिले. भाच्याला समजावताना मी म्हटलं, "अरे, घरातली पाण्याची मोटर बघ. बटण तू जिन्यात दाबतोस, पण मोटरचा सगळा करंट त्या बटणातून जात नाही, तो स्टार्टरमधून जातो." त्याने लगेच विचारलं, "म्हणजे मामा, स्विचला बारीक वायर चालेल?" चालते. रिलेच्या आतल्या कॉइलला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतात. स्विचने तेवढेच द्यायचे. दहा अँपिअरचं ओझं बॅटरीपासून रिलेतून थेट दिव्यांकडे जातं, जाड वायरीतून, जवळच्या वाटेने.

रिलेच्या बुडाला आकडे कोरलेले असतात, भिंग लागलं तर घ्या पण वाचा. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर. ८७ म्हणजे दिव्यांकडे जाणारी. ८६ला स्विचची वायर, ८५ला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वाट. पाच पायांचा रिले मिळाला तर मधल्या पायावर ८७ए लिहिलेलं असतं. तो पाय रिले बंद असताना चालू असतो. नवखा माणूस दिव्यांची वायर तिथे लावतो, आणि मग स्विच बंद केल्यावर दिवे पेटतात. मधला पाय रिकामा ठेवा. काही रिलेंच्या आत डायोड असतो, त्यात ८६ आणि ८५ उलटे लावले तर फ्यूज उडतो. म्हणून सवयच अशी ठेवा की ८६ला पॉझिटिव्ह, ८५ला अर्थ.

सामान

१२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा रिले, त्याच्या सॉकेटसकट. झाकणवाला, पाणी न शिरणारा फ्यूज होल्डर आणि १५ अँपिअरचे निळे फ्यूज, दोन जास्तीचे घेऊन ठेवा. बॅटरी ते रिले आणि रिले ते दिवे यासाठी २.५ एमएमची गाडीची वायर, लाल आणि काळी. पाच-पाच मीटर पुरते. स्विचसाठी ०.७५ एमएम, तिसऱ्या रंगाची, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. घराच्या वायरिंगमधली उरलेली वायर वापरू नका, तिचं वरचं आवरण इंजिनच्या उष्णतेसाठी आणि ऑइलसाठी नसतं.

बाकी ६.३ मिमीच्या चपट्या पिना, अर्थसाठी गोल थिंबल (वायरीच्या टोकाची कडी), हीट श्रिंक ट्यूब (उष्णतेने आवळणारी नळी), खाचांची काळी लवचीक पाइप, केबल टाय, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून तिथूनच वेगळी वायर काढून देणारा तुकडा) आणि त्यासाठी तीन अँपिअरचा फ्यूज, तुमच्या डॅशबोर्डला शोभेल असा स्विच. बल्बचा प्रकार दिव्याच्या मागे लिहिलेला असतो, एच-११, एच-८, एच-३, एच-१६. पिना आणि वॉट दोन्ही वेगवेगळे असतात, त्यामुळे जुना बल्ब खिशात टाकूनच दुकानात जा.

हत्यारांत एकाच गोष्टीवर पैसे खर्च करा, क्रिम्पिंगच्या, म्हणजे वायरीवर पिन चेपायच्या पकडीवर. साध्या पकडीने चेपलेली पिन दिसायला घट्ट असते आणि भिंड रस्त्याच्या खड्ड्यांत महिन्याभरात सैल होते. मल्टीमीटर साधा चालेल.

कामाचा दिवस

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन गार झाल्यावर उभी करा. स्टीरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्हच का, तर पॉझिटिव्ह काढताना पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडू नये म्हणून. परत जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

बंपर पूर्ण काढायची गरज सहसा पडत नाही. पुढचं चाक बाहेरच्या बाजूला वळवा, चाकाच्या कमानीतल्या काळ्या प्लास्टिकच्या दोन-तीन क्लिपा काढा, हात दिव्यापर्यंत पोचतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जाऊ नका. थंडीत या क्लिपा कडक होऊन तुटतात, म्हणून सकाळी सातला सुरुवात न करता ऊन पडू द्या.

दिवे बसवून झाले की रिलेची जागा ठरवा. बॅटरीच्या जवळ, रेडिएटरच्या पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, आधीच एखादा बोल्ट असेल तिथे. पिनांचं तोंड खाली ठेवा. वर ठेवलं तर पावसाळ्यात पाणी सॉकेटमध्ये साचतं, आणि पुढच्या थंडीत तुम्ही हिरव्या पडलेल्या पिना खरवडत बसता.

आता अर्थ. माझ्या अनुभवात फॉग लाइटच्या दहा तक्रारींपैकी निम्म्या इथे निघतात. दिव्याजवळ बॉडीला किंवा चासीला घट्ट बसलेला बोल्ट निवडा. तो काढा, खालचा रंग सँडपेपरने घासा. नुसता चकाकला की थांबू नका, थिंबलचं सगळं वर्तुळ बसेल एवढी जागा उघड्या पत्र्याची झाली पाहिजे. नखाने ओरखडा ओढून बघा, रंगाचा कण नखात आला तर अजून घासा. थिंबल, त्यावर दातेरी वॉशर, मग बोल्ट. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली चोपडा, म्हणजे उघड्या पत्र्याला गंज धरत नाही. जेली आधी लावायची नाही. दोन्ही दिव्यांना आपापल्या बाजूला वेगळी अर्थ द्या. एकच अर्थ असेल तर ती सैल झाल्यावर दोन्ही दिवे एकदम जातात.

पिना लावायची पद्धत एकदा हाताला बसली की बसली. आधी हीट श्रिंकचा तुकडा वायरीवर सरकवून ठेवा, हे प्रत्येक जण पहिल्यांदा विसरतो. टोकाचं सहा-सात मिलिमीटर आवरण सोला, एकही तार तुटता कामा नये. तारांना हलकासा पीळ द्या, पिनेच्या नळीत पूर्ण आत घाला, चेपा. मग पिन एका हातात, वायर दुसऱ्या हातात धरून जोराने ओढा. निसटली तर आत्ता निसटलेली बरी. त्यानंतर ट्यूब जोडावर सरकवून हेअर ड्रायरने किंवा लायटरच्या आचेच्या कडेने आवळा. पेट्रोलच्या पाइपजवळ लायटर नको. टेपवर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. तिथे टेपचा गोंद पातळ होऊन वाहतो आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत टेप आपोआप सुटलेली असते.

बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून निघणाऱ्या लाल वायरीवर फ्यूज होल्डर टर्मिनलपासून वीतभराच्या आतच हवा. ही वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते आणि फ्यूजच्या अलीकडचा तुकडा आग लागेपर्यंत तापतो. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका चांगला. फ्यूज आत्ता घालू नका, होल्डर रिकामा ठेवा. होल्डरमधून वायर रिलेच्या ३०वर. ८७मधून निघालेली वायर पुढे दोन फांद्या होऊन दोन्ही दिव्यांकडे. ८५ जवळच्या अर्थला.

सगळ्या वायरी खाचांच्या पाइपमध्ये घाला आणि कंपनीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या गठ्ठ्याला) दर वीतभर अंतरावर केबल टायने बांधा. पंख्यापासून, पट्ट्यापासून, धारदार पत्र्यापासून लांब. थोडी ढील ठेवा, इंजिन हलतं. थंडीत उंदीर गरम इंजिनवर येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात, या पाइपचा तिथेही उपयोग होतो. दाल बाजाराच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

बारीक वायर गाडीच्या आत नेणं हा सगळ्यात किचकट भाग. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या पत्र्याला नवं भोक पाडू नका. त्या पत्र्यात वायरिंग जाण्यासाठी आधीच रबरी ग्रोमेट (भोकात बसवलेलं बूच) असतो, बहुतेक क्लचच्या पेडलच्या वर किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. मी आईची स्वेटर विणायची जाड सुई घेतो, तिला साबणाचं पाणी लावतो, ग्रोमेटच्या कडेने आरपार घालतो आणि वायरीचं टोक तिला बांधून ओढून घेतो. सुई मूळ वायरींच्या गठ्ठ्यात न शिरता रबराच्या कडेनेच गेली पाहिजे. आत आल्यावर पेडलच्या वाटेत वायर लोंबत नाही ना, ते तिन्ही पेडल पूर्ण दाबून बघा. हे दोनदा बघा.

आता स्विचला वीज कुठून द्यायची. थेट बॅटरीवरून देऊ नका, दिवे चालू राहिले तर रात्रभरात बॅटरी उतरते. पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून द्या. म्हणजे पार्किंग लाइट असताना, अर्थातच मागचे लाल दिवे पेटलेले असतानाच फॉग लागतील. धुक्यात पुढे झगमगाट आणि मागे अंधार अशी गाडी मी दर हिवाळ्यात बघतो, मागून येणाऱ्याला ती दिसतच नाही. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या चित्रात पार्किंगचा फ्यूज शोधा. खात्री करायला बॅटरी थोड्या वेळासाठी जोडा, पार्किंग लाइट लावा, मल्टीमीटर १२ दाखवेल. पार्किंग बंद करा, शून्य होईल. परत बॅटरी काढा. फ्यूज उपसून तिथे फ्यूज टॅप बसवा. टॅपची कोणती बाजू विजेच्या पिनेकडे यायची ते त्याच्या पाकिटावर दाखवलेलं असतं. जुना फ्यूज त्याच्या जागी, नवीन तीन अँपिअरचा वरच्या खाचेत. टॅपची वायर स्विचला, स्विचमधून रिलेच्या ८६ला. स्विचमध्ये लहान दिवा असेल तर त्याच्या तिसऱ्या पिनेला अर्थ.

वीज देण्याआधी

बॅटरी काढलेली असतानाच मल्टीमीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. दोन्ही अर्थच्या वायरी बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीशी बीप वाजवायला हव्यात. फ्यूज होल्डरच्या रिलेकडच्या टोकाला आणि बॉडीला टोकं लावा, इथे बीप वाजता कामा नये. वाजला तर ३०ची वायर कुठेतरी टेकते आहे. ८७वर मात्र बीप वाजला तरी घाबरू नका, थंड बल्बच्या तारेचा रोध इतका कमी असतो की मल्टीमीटर त्याला शॉर्टच समजतो. बल्ब काढून परत मोजा.

सगळं ठीक असेल तर बॅटरी जोडा, मग फ्यूज घाला. पार्किंग लावून स्विच दाबा. रिलेतून टक असा आवाज आला पाहिजे. आवाज येतो पण दिवा नाही, तर दोष जाड बाजूला आहे: फ्यूज, ३०, ८७ किंवा दिव्याची अर्थ. आवाजच येत नाही, तर बारीक बाजू बघा: टॅप, स्विच, ८६, ८५. एक दिवा लख्ख आणि दुसरा मंद असेल तर मंद दिव्याची अर्थ पुन्हा घासा. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालून बघायचा मोह आवरा. कारण सापडेपर्यंत १५चाच घालायचा.

इंजिन चालू करून दिवे पेटलेले असताना बॅटरीवर आणि बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. माझ्या गाडीत आता बॅटरीवर १३.९ आणि बल्बवर १३.५ येतात. वीस मिनिटं दिवे चालू ठेवून स्विच, रिले, फ्यूज होल्डर आणि प्रत्येक कपलर हाताने चाचपा. कोमट चालेल. चटका बसेल असा कुठलाही जोड आजच उघडून परत करायचा.

झोत लावणं

संध्याकाळी अंधार पडल्यावर सपाट जागी भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर असावी आणि ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी बसलेलं असावं. दिव्याच्या मध्यबिंदूची जमिनीपासून उंची मोजा, भिंतीवर त्या उंचीला खडूने रेघ मारा. तिच्याखाली २० सेंटिमीटरवर दुसरी रेघ. दिव्याच्या मागचा किंवा खालचा स्क्रू फिरवून झोताची वरची कड दुसऱ्या रेघेवर आणा, दोन्ही दिव्यांची सारखी.

दिवा ४० सेंटिमीटर उंचीवर असेल तर अशा झोताची वरची कड २० मीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे दाट धुक्यात फॉग लाइट तुम्हाला साधारण तेवढाच रस्ता दाखवणार. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर जवळपास १७ मीटर तिथेच संपले. ताशी २०ला हेच आठ मीटर होतात आणि थांबायला जागा उरते. भाचा पहिल्यांदा नव्या दिव्यांनी मुरैन्याला निघाला तेव्हा मी त्याच्या डॅशबोर्डवर २० हा आकडा लिहून चिकटवला होता. त्याने तो अजून काढलेला नाही.

धुकं नसताना फॉग बंद ठेवा, ओल्या रस्त्यावरून त्याचा उजेड उलटून समोरच्याला त्रास देतो. धुक्यात लो बीम आणि फॉग दोन्ही लावा, हाय बीम नाही. चारही इंडिकेटर चालत्या गाडीत लावू नका, तुम्ही वळणार आहात की उभे आहात हे मागच्याला कळत नाही.

दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा करतो त्याच्या आदल्या दिवशी मी अर्धा तास काढतो. काचेवरचा चिखल आणि किड्यांचे डाग धुतो, अर्थचे बोल्ट आवळतो, रिलेच्या पिना उपसून हिरवेपणा आलाय का बघतो, बल्बवरचं व्होल्टेज मोजून ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत तारखेसह लिहितो. बल्ब बदलायचा असेल तर काचेला बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. स्वच्छ फडक्यात धरून बसवायचा. जास्तीचे दोन निळे फ्यूज आणि एक रिले त्याच वहीजवळ पिशवीत असतात.